पऱ्हाटीच्या पेशीतलं पाणी

आठवीच्या वर्गात पेशी शिकवताना मी फळ्यावर आधी एक लांबट चौकोन काढायचो. ती पेशीभित्तिका. मग तिच्या आतल्या अंगाला चिकटून पेशीपटल, एका कोपऱ्यात केंद्रक, कडेकडेने दोन-चार हरितलवकं. उरलेली सगळी मधली जागा एका मोठ्या आकृतीने व्यापायची आणि तिच्यावर नाव लिहायचं, रिक्तिका. भातकुली तालुक्यातल्या शाळेत अशी आकृती काढून मी सांगितलं, की हिच्यात पाणी असतं, साखर असते, क्षार असतात, आम्लं असतात, रंग असतात. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, एवढी भरेल असते तं मंग तिले रिक्तिका काहून म्हंतात?"

त्या दिवशी मी शब्दाची व्युत्पत्ती सांगितली आणि तास पुढे नेला. प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला, कारण त्याचं खरं उत्तर व्युत्पत्तीत नव्हतं. ते शाळेच्या कुंपणापलीकडच्या वावरात होतं. हे छोटं पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलं आहे, आणि ही प्रस्तावना थोडी लांबली आहे ती त्या वावरामुळे.

नावाची गोष्ट आधी सांगून टाकतो. इटलीच्या लाझारो स्पालांझानीने १७७६ मध्ये डबक्याच्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या अंगात ताऱ्यासारख्या आकृत्या उमलताना आणि मिटताना पाहिल्या. त्याला वाटलं, हे जीव यांनीच श्वास घेत असावेत. पुढे १८४१ मध्ये फेलिक्स द्युजार्दँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशा जागांना 'व्हॅक्यूओल' म्हटलं. लॅटिनमध्ये 'व्हॅक्युअस' म्हणजे रिकामा. भोवतालचं पेशीद्रव्य दाणेदार, ढगाळ. आणि मधली ही जागा काचेसारखी स्वच्छ. त्या काळच्या भिंगातून तिच्यात काहीच दिसत नव्हतं, म्हणून ती रिकामी ठरली. मराठीत शास्त्र आणताना आपण त्या नावाचं भाषांतर केलं आणि रिकामपणाही सोबत आला. १८८५ मध्ये हॉलंडच्या ह्यूगो डी व्ह्रीसने दाखवलं, की या जागेला स्वतःचं जिवंत पटल आहे. त्याला त्याने 'टोनोप्लास्ट' म्हटलं, म्हणजे ताण निर्माण करणारं. हाच डी व्ह्रीस पुढे १९०० मध्ये मेंडेलचे विसरले गेलेले नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक झाला आणि जगाने त्याला त्यासाठी लक्षात ठेवलं. मला त्याचं पहिलं काम तितकंच मोलाचं वाटतं. रिकाम्या जागेला कोणी पटल बांधत नाही. पटल आहे म्हणजे आत राखण्यासारखं काही आहे, हे त्याच्यामुळे कळलं.

ही रिक्तिका डोळ्यांनी पाहायची सगळ्यात सोपी सोय स्वयंपाकघरात आहे. लाल कांद्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या बाजूने जांभळट पापुद्रा चिमटीने हलकेच सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात, आणि प्रत्येक वीट काठोकाठ जांभळी. हा रंग रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला असतो, म्हणून जिथवर रंग तिथवर रिक्तिका. आता काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने आतलं पाणी ओढून घ्यायचं. दोन-तीन मिनिटांत जांभळा रंग भिंतींपासून सुटतो, कोपरे सोडतो, आक्रसतो आणि गडद होत जातो. शेवटी प्रत्येक विटेत एक जांभळा गोळा उरतो. बाहेर मीठ जास्त, आत कमी, म्हणून आतलं पाणी बाहेर गेलं. पुस्तकात याला रससंकोच म्हणतात. कांद्याला मीठ लावून ठेवलं की ताटलीत जे पाणी सुटतं, तेही मुख्यतः रिक्तिकांचंच.

एकदा मुलांनी हट्ट धरला, की मिठाचं पाणी कशाला, आपल्या विहिरीचंच टाकू. भातकुलीच्या मुलांना असं सुचणं साहजिक आहे. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमीन काळी, खोल, सुपीक, आणि जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खोदली, पाणी लागलं, पण ते तोंडात धरवत नाही आणि पिकाला सोसवत नाही, हा अनुभव इथे घरोघरी आहे. मग एका मुलाने घरच्या विहिरीतून बाटली भरून आणली आणि आम्ही तो थेंब कांद्याच्या पापुद्र्यावर सोडला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तास संपला. रंग जागचा हलला नाही.

मुलं हिरमुसली. मला तो तास माझ्या सगळ्या वर्षांतला सर्वांत चांगला वाटतो, कारण त्यातून खरा प्रश्न निघाला. पेशीला हे पाणी झटक्यात सुकवत नाही, तर पीक का बसतं? उत्तर प्रमाणात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या विहिरींचं पाणी त्या मानाने बरंच सौम्य, आणि कांद्याच्या पेशीतला रस त्यापेक्षा दाट. म्हणून पाणी आतून बाहेर धावत नाही. खाऱ्या पाण्याचं नुकसान हळू चालतं आणि दोन ठिकाणी चालतं. एक जमिनीत. पाण्यातला सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटतो, कण एकमेकांपासून सुटतात, मातीतली बारीक छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. दुसरं नुकसान झाडाच्या आत. मुळं पाण्यासोबत थोडा थोडा सोडियम उचलत राहतात, आणि तो दिवसेंदिवस पानांत साचत जातो.

पानात साचलेला हा सोडियम कुठे ठेवायचा, हा झाडापुढचा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. पेशीद्रव्यात तो चालत नाही. तिथली विकरं पोटॅशियमच्या सोबतीने काम करतात, आणि सोडियमची गर्दी झाली की ती अडखळतात. बाहेर टाकून दिला तरी मुळं पुन्हा आणतात. मग झाड त्याला रिक्तिकेत कोंडतं. रिक्तिकेच्या पटलावर प्रथिनांचे पंप असतात. ते ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे आयन आत ढकलत राहतात, म्हणून आतला रस आम्लधर्मी असतो. पटलावरच दुसरी एक प्रथिनं असतात, त्यांना फिरत्या दरवाजासारखी समजा: एक हायड्रोजन आयन बाहेर सोडायचा, त्याच्या बदल्यात एक सोडियम आत घ्यायचा. आत गेलेला सोडियम तिथे निरुपद्रवी होतो. इतकंच नाही, तो कामालाही येतो, कारण आतला रस दाट झाल्याने बाहेरच्या खारट मातीतून पाणी ओढणं पेशीला जमतं. मुंबई-रायगडच्या खाडीकाठी मिळणारी मोरसाची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिचा खारटपणा आठवेल. तो रिक्तिकांत साठवलेल्या मिठाचा आहे, म्हणून ती भाजी करताना मीठ बेताने घालतात.

१९९९ मध्ये एडुआर्डो ब्लुमवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात हा फिरता दरवाजा नेहमीपेक्षा जास्त संख्येने बसवला, आणि ती रोपं बऱ्याच खारट पाण्यावर वाढली. २००१ मध्ये टोमॅटोतही त्यांनी तसंच करून दाखवलं. मीठ पानांत राहिलं, फळांत फारसं उतरलं नाही. ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या विहिरी डोळ्यांसमोर आल्या आणि छाती भरून आली. आज मात्र मी मुलांना एवढ्यावर थांबू देत नाही. प्रयोगशाळेतल्या कुंडीत माती घट्ट होत नाही. खारपाणात पेशी वाचवली तरी जमीन वाचवावी लागते. तिथे जिप्सम लागतं, निचरा लागतो, आणि पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात अडवावं लागतं. रिक्तिका झाडाचं काम करते; मातीचं काम माणसाला करायचं आहे.

आमच्याकडचं एक पीक हा खारटपणा इतरांपेक्षा बरा सोसतं, आणि ते म्हणजे कापूस. या पुस्तकाचा गाभा कापसाच्या प्रकरणात आहे. वऱ्हाडच्या कापसाला जुन्या व्यापारात 'ऊमरा' म्हणत. ते नाव अमरावतीवरूनच पडलं, आणि त्या नावाने आमचा कापूस मुंबईहून सातासमुद्रापार गेला. पण जिनिंगमध्ये ढिगावर बसून खेळलेल्या मुलांनाही हे कोणी सांगितलेलं नसतं, की कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी.

सरकीच्या सालीवरच्या ज्या पेशी असतात त्यांतल्या काही, साधारण चौथा हिस्सा, फूल उमलतं त्याच दिवशी बाहेर फुगू लागतात. एकेका सरकीवर अशा सुमारे पंधरा हजार. अमेरिकन वाणाच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, फूल सकाळी दुधाळ पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. ते गुलाबीपण पाकळीच्या रिक्तिकांत उतरलेल्या रंगाचं. म्हणजे वर पाकळीत रिक्तिका रंग भरत असते, आणि त्याच वेळी खाली, कोवळ्या बोंडात, दुसऱ्या रिक्तिका धागा लांबवायला लागलेल्या असतात. फूल गुलाबी झालं की समजावं, आत धागा निघाला.

धागा लांबतो तो पाण्याच्या जोरावर. पेशी आपल्या रिक्तिकेत पोटॅशियम आणि मॅलिक आम्ल साठवते. कॅलिफोर्नियात धिंडसा, बीस्ले आणि टिंग यांनी १९७५ मध्ये हे मोजून दाखवलं. रस दाट झाला की पाणी आत येतं, रिक्तिका फुगते आणि पातळ, लवचीक भिंतीला रेटते. त्याच दिवसांत शेजारच्या पेशींशी जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा काही काळ बंद होतात, म्हणजे आतला दाब गळून जात नाही. मग भरात असताना धागा दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत वाढतो. जाडी केसापेक्षाही कमी, आणि तीन आठवड्यांत लांबी तिच्या हजारपटीहून जास्त. या लांबलचक नळीचा जवळजवळ सगळा भाग रिक्तिकेनेच व्यापलेला असतो; पेशीद्रव्य कडेला पातळ अस्तरासारखं. या दिवसांत पावसाने ताण दिला किंवा जमिनीत पालाश कमी पडला, तर धागा आखूड राहतो. शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक आहे. बाजारात धाग्याच्या लांबीवर भाव ठरतो तेव्हा खरं तर जुलै-ऑगस्टनंतरच्या त्या तीन आठवड्यांत रिक्तिकेला किती पाणी मिळालं, त्याचा भाव ठरत असतो.

लांबी पुरी होत आली की पेशी भिंतीच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढवते, एकावर एक. रिक्तिकेची जागा अरुंद होत जाते. बोंड फुटतं, ऊन लागतं, आतलं पाणी उडून जातं, पेशी मरते. मधे जी पोकळी उरते ती रिक्तिकेची शेवटची खूण. पाणी गेल्याने नळी चेपते, पट्टीसारखी होते, आणि पिळे पडतात. हे पिळेच कताईला उपयोगी पडतात: धागे एकमेकांत अडकतात, सुटत नाहीत, म्हणून सूत निघतं. जॉन मर्सरने १८४४ च्या सुमारास कापसाला कॉस्टिक सोड्यात घातलं तेव्हा चेपलेली नळी पुन्हा फुगून गोल झाली आणि कापड रंग चांगला धरू लागलं. मर्सराइज्ड कापडाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. आपण अंगावर जे घालतो त्या प्रत्येक धाग्याच्या मधोमध एके काळी पाण्याने भरलेली एक रिक्तिका होती, हे एकदा कळलं की सदऱ्याकडे पाहण्याची नजरच बदलते. निदान माझी बदलली.

कापसावरून एक सर्वसाधारण गोष्ट लक्षात येते. प्राण्याच्या पेशीला मोठं व्हायचं तर तिला प्रथिनं, मेद, असं महाग सामान जमवावं लागतं. झाडाची पेशी पाणी भरून मोठी होते. पूर्ण वाढलेल्या पेशीत ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जागा रिक्तिकेची असते, आणि तिचा भिंतीवरचा दाब पाच ते आठ वातावरणांइतका असू शकतो. मोटारीच्या चाकातली हवा याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने दाबलेली असते. झाडाच्या कोवळ्या भागाला हाड नाही, लाकूड नाही. तो या दाबावर उभा असतो. वैशाखात नाही, अगदी सप्टेंबरच्या उघाडीतही दुपारी पऱ्हाटी माना टाकते आणि संध्याकाळी सावरते, ते हेच. दुपारी पानांतून पाणी जातं तेवढं मुळं पुरवत नाहीत, रिक्तिका सैलावतात. सांजेला पुन्हा भरतात. पानावरची श्वासरंध्रंही रक्षक पेशींच्या रिक्तिका फुगल्या की उघडतात आणि ओसरल्या की मिटतात.

घरच्या ताटातही रिक्तिका आहेच. अंबाडीच्या भाजीचा आंबटपणा, वांग्याच्या सालीचा जांभळा रंग, अळूच्या पानातल्या घशाला खाजवणाऱ्या सुया, हे सगळं तिच्यात साठवलेलं. लिंबाच्या फोडीतल्या पेशींत तर रिक्तिकेचा रस पेशीद्रव्याच्या जवळजवळ लाखपट आम्ल असतो, आणि मधे पटल फक्त एक. तुरीच्या, मुगाच्या, हरभऱ्याच्या डाळीतली प्रथिनंही डाळिंब्यांमधल्या रिक्तिकांतच साठवलेली असतात. बी पिकताना त्या पाण्याऐवजी प्रथिनांनी गच्च भरतात, आणि मोड येताना ती प्रथिनं फोडून कोंबाला देतात. मोड आलेल्या मुगाच्या चवीत जो फरक पडतो त्याच्यामागे हे काम आहे.

अंगणातल्या पानफुटीचा प्रयोग मात्र मला सगळ्यांत आवडतो. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात असताना त्याने पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागलं, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडसर. त्याचं हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. कारण पुढे कळलं: हे झाड पाणी वाचवायला रात्री श्वासरंध्रं उघडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत साठवतं आणि दिवसा रंध्रं बंद ठेवून त्यातून साखर करतं. पहाटे गोदाम भरलेलं, सांजेला रिकामं. पुस्तकात हा प्रयोग दिला आहे, पण पान चाखायचं नाही असं मी मुद्दाम लिहिलं आहे, कारण पानफुटीत विषारी द्रव्यंही असतात. पहाटे एक आणि संध्याकाळी एक पान ठेचून रसाला निळा लिटमस लावला तरी फरक दिसतो.

वनस्पतींपलीकडे मी थोडकंच वळलो आहे. यीस्टच्या उपाशी पेशी स्वतःचेच जुने भाग रिक्तिकेत नेऊन मोडतात आणि त्यावर निभावतात, हे योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. २०१६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पॅरामेशियम मात्र आमच्या मुलांच्या हाताशी आहे. पावसाच्या पाण्यात कडब्याचे तुकडे आठ-दहा दिवस भिजत ठेवले, त्यात डबक्यातलं थोडं पाणी घातलं, की ते सापडतं. त्याच्या अंगात पाणी सतत शिरत असतं आणि दोन आकुंचनशील रिक्तिका ते आळीपाळीने बाहेर फेकत असतात. स्पालांझानीचे तारे ते हेच. घड्याळ लावून दोन ठोक्यांमधले सेकंद मोजावेत. मग त्याच थेंबात विहिरीच्या पाण्याचा एक छोटा थेंब मिसळून पुन्हा मोजावेत. बाहेर क्षार वाढले की आत शिरणारं पाणी कमी होतं आणि रिक्तिकेची गती मंदावते. कांद्याला जे पाणी जाणवलं नव्हतं, ते या जिवाला लगेच जाणवतं. हा प्रयोग भातकुलीतच सहज जमतो, कारण इथे एका हाताला पावसाचं पाणी आणि दुसऱ्या हाताला खारं पाणी असतं.

पुस्तक कुठूनही वाचायला हरकत नाही. माझी विनंती एवढीच, की ते वावरात घेऊन जावं. फूल पडून वीसेक दिवस झालेलं हिरवं बोंड घ्या, घरच्यांना विचारून तोडा आणि धारदार पात्याने आडवं कापा. आत पांढरा कापूस नसतो. ओल्या, काचेसारख्या, अर्धपारदर्शक धाग्यांचा गच्च लगदा असतो. तो दोन बोटांत दाबला की बोटं ओली होतात. धुऱ्यावर बसून ती ओल अंगठ्याने चाचपून पाहा. पेढी नदीच्या काठावर जो पाऊस पडला, जो मुळांनी उचलला आणि जो एकेका सरकीवरच्या पंधरा हजार रिक्तिकांनी धरून ठेवला, तो त्या ओलीत आहे.